भिंतीवरची पंगत

७ जानेवारी १८९७, लालबाग

नाटक कंपनी मला टाकून हुबळीला गेली. गिरगावातल्या बिऱ्हाडात मला ताप भरला तेव्हा मॅनेजर तात्या दारातूनच बघून गेला. नाकाला रुमाल. म्हणाला, "जगन, तू विश्रांती घे. पडद्यांची काळजी करू नको." संध्याकाळपर्यंत पडदे गेले, टोपांची पेटी गेली, तंबोरा गेला. मी राहिलो. ताप साधा हिवतापाचा निघाला. काखेत गाठ नाही, जांघेत गाठ नाही, प्लेग नाही. हे आता तात्याला कळवून काय उपयोग!

सध्या गंगुबाईकडे आहे. ती आईची मावसबहीण, म्हणून माझी मावशी. चाळीच्या तळमजल्यावर तिची खानावळ आहे, गिरणीत राबणाऱ्यांची, त्यामुळे ती साऱ्यांचीच मावशी. मी दारात उभा राहिलो तर म्हणाली, "जिता आहेस? मग पाय धू."

भिंतीलगत मोठी पंगत बसायची म्हणे. आता दोनच माणसं उरली आहेत. कुशाबा म्हणून एक म्हातारा विणकर आहे, तो देवांना शिव्या देतो. धोंडू म्हणून एक तरणा विणकर आहे, तो एकाही देवाला दुखवत नाही. त्याच्या गळ्यात मारुतीचा ताईत आहे, पीराचा गंडा आहे आणि खोताच्या वाडीतल्या कुणा किरिस्तांव बाईने दिलेला क्रूस आहे. तिघांपैकी एकाला तरी वेळ असेल, असं तो म्हणतो.

बाकीचे गावी पळाले, किंवा वर गेले. कोण कुठे गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. जाताना कुणी सांगून गेलं नाही.

मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो. जेवायला उठतो. फुकटचं जेवण घशाखाली उतरत नाही असं लोक म्हणतात. उतरतं. उतरल्यावर त्रास देतं.

९ जानेवारी

चुनेवाले आले. एक मुकादम, चार माणसं, बादल्या, बांबूला बांधलेले कुंचे. प्लेग चुन्याला भितो असं साहेबांचं मत आहे. उंदीर मेला की चुना, माणूस मेला की चुना. कुशाबा म्हणाला, "पानात खातो मी रोज. मला काही होणार नाही."

खानावळीच्या लांब भिंतीवर, जमिनीपासून दोनेक हातांवर, काळपट गोल डाग होते. जेवण झालं की माणसं भिंतीला डोकं टेकून बसायची, त्या डोक्यांच्या तेलाचे. प्रत्येकाची जागा ठरलेली, म्हणून डागही ठरलेले. मावशीने वर्षानुवर्षं त्या डागांवरून सगळ्यांचा उद्धार केला असेल. आज डाग चुन्याखाली गेले तेव्हा ती डाव हातात धरून उभी राहिली, आणि चुलीवरचं कालवण करपलं.

"आता कोण कुठे बसायचा ते कसं कळायचं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, घाण गेली ते बरंच झालं. तिने माझ्याकडे बघितलं आणि दुपारी मला शिळी भाकरी वाढली.

१२ जानेवारी

आज मावशीने मला पायाने ढोसून उठवलं. "पांढऱ्या भिंतीपुढे माणसं मयताला आल्यासारखी जेवतात. काढ काहीतरी."

"रंग नाहीत."

तिने माझ्यापुढे हळद, नीळ, काजळ आणि गेरू मांडला. रंग धरायला सरस हवा म्हटलं, तर शेजारचा सुतार पळाला होता आणि सरसाची हंडी मागे राहिली होती. कुंचले माझ्याजवळ होते. कंपनीने मला टाकलं तेव्हा कुंचलेही टाकले. एवढा न्याय तात्याकडे आहे.

मला चार पडदे येतात. राजवाडा, अरण्य, रस्ता, आश्रम. सारं जग त्या चारांत बसतं असं कंपनीचं मत आहे. यातल्या कशातही माणूस नसतो. पडद्यावर माणूस काढायचा नाही, हा तात्याने पहिल्या दिवशी सांगितलेला नियम. नट येतो, बोलतो, जातो. मागचा रंगवलेला माणूस तसाच तोंड उघडं टाकून उभा. प्रेक्षक हसतात. तात्या म्हणायचा, "तू मागचा. पुढच्याचं बघू नको."

राजवाडा काढायला घेतला. खांब, कमानी, झुंबरं. झुंबरांच्या ज्योती पिवळ्या हव्यात, म्हणून हळद वापरली. खालचा चुना अजून ताजा होता. ज्योती बघता बघता लालभडक झाल्या. मी घाबरून पुसायला गेलो तर आणखी पसरल्या. राजवाड्याला आग लागली.

मावशी चुलीपाशी हसून हसून लोळायची बाकी होती. "मेल्या, हळदीला चुना लागला की कुंकू होतं. एवढं ठाऊक नाही? लग्न झालं असतं तर कळलं असतं."

कापडावर असं होत नाही. कापडावर मी कधी चुकलो नव्हतो.

१६ जानेवारी

राजवाडा झाला. आग तशीच ठेवली. कुशाबा म्हणतो दिवाळी चालू आहे असं समजू. तो आता मधल्या कमानीखाली बसतो आणि तिथून हलत नाही. धोंडू त्याला महाराज म्हणतो.

"महाराज, बोंबील घेणार?"

"प्रधान, आधी तू खा. विष असलं तर कळेल."

"विष परवडायला आधी तांदूळ तरी परवडले पाहिजेत मला," मावशी म्हणाली.

वरच्या मजल्यावरचे उरलेसुरले लोक बघून गेले. एकाने विचारलं, किती दिवस लागले. एकाने विचारलं, कुणी शिकवलं. मी फार बोललो नाही. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपलो, पण आता ती भिंत वेगळी आहे.

तात्याने बघायला हवी होती.

१९ जानेवारी

चुनेवाले पुन्हा आले. वरच्या मजल्यावर उंदीर मेला.

मला वाटलं मावशी त्यांना अडवेल. ती गिरणीत माणसं भरणाऱ्या जॉबरला अडवते, रोगी उचलायला येणाऱ्या गाडीवाल्या गोऱ्याला अडवते. तिने दार उघडून धरलं. राजवाडा गेला. डाव्या कोपऱ्यात अर्धा खांब राहिला तर तिने बोट दाखवलं. "तो राहिला बघा."

मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. कुशाबा आला, पान लावत म्हणाला, "महाराज पण गादीवरून उतरले. आमच्याकडे बघ आणि गप्प राहा."

संध्याकाळी मी मावशीला विचारलं, का केलंस. ती भाकरी थापत होती.

"एवढा मोठा वाडा," ती म्हणाली, "आणि आत चिटपाखरू नाही. प्लेग तिथेही गेला वाटतं."

"पडदा तसाच असतो."

"हा पडदा आहे? ही माझी भिंत आहे. इथे माणसं बसायची. माणसं काढ."

"कोणती?"

"जी बसायची ती. जो जिथे बसायचा तिथे."

मी म्हटलं, मला माणसं काढता येत नाहीत. आणि त्यांतला एकही मी पाहिलेला नाही. मी आलो तेव्हा ते सगळे गेले होते.

"मग बरंच आहे," ती म्हणाली. "उधारी तरी नाही त्यांची तुझ्याकडे."

बाईचं डोकं फिरलं आहे. करपलेल्या कालवणापासूनच मला तसं वाटत होतं.

२५ जानेवारी

सहा दिवस काही लिहिलं नाही. माणूस काढणं म्हणजे काय ते कळत होतं.

पहिला महादेव. मी मावशीला विचारलं, चेहरा कसा. ती विचारात पडली. "चेहरा कुठे दिसतो? मी उभी, ते बसलेले. वाढणारीला टाळकं दिसतं आणि हात दिसतो." महादेवच्या टाळक्यावर मधोमध रुपयाएवढं टक्कल होतं. तिसरी भाकरी घेताना तो लाजायचा. हात पुढे करायचा आणि मान वळवायचा.

मग मी हातच आधी काढला. पुढे केलेला, बोटं अर्धी मिटलेली. त्यामागे वळलेली मान. तोंड वळवलेलंच असल्यामुळे चेहरा अर्धाच लागला. तो अर्धा चेहरा नीट होईना. नाकावरून कुशाबा आणि धोंडू भांडले. कुशाबा म्हणे पोपटासारखं, धोंडू म्हणे बटाट्यासारखं. तिसऱ्या दिवशी मी बटाटा काढला आणि पुढे थोडा पोपट जोडला. दोघेही म्हणाले, हां.

मावशी लांबून बघत म्हणाली, "कान चुकला."

"टाळकं आणि हात दिसतो म्हणालीस ना?"

"कान टाळक्यालाच असतो."

कान पुसून पुन्हा काढला. मग ती म्हणाली खांदा चुकला. मला वाटतं तिला काय हवंय ते तिलाच ठाऊक नाही. मी रोज उठतो आणि तिच्या चुका दुरुस्त करतो.

२ फेब्रुवारी

बाबल्या झाला. हा ताटातला भात आधी किल्ल्यासारखा रचायचा आणि मग फोडायचा. त्याला बुरूज पाडताना काढलं. आणखी दोघे झाले. एक जेवताना पायाचा अंगठा खाजवायचा, तो खाजवताना आहे. कुशाबाचं म्हणणं, असं काढू नये, देखणं काढावं. मी म्हटलं, देखणं हवं तर राजवाड्यात जा.

हे वाक्य मी कसं बोललो कोण जाणे. राजवाडा माझाच होता.

मावशी आता हळद देत नाही. गेरूत काजळ कालवून अंगाचे रंग होतात. हे लोक काळे असल्याचा फायदा.

गिरणीवाले कामगारांना हल्ली जावयासारखं बोलावतात. कालपर्यंत शिव्या घालणारा जॉबर नाक्यावर धोंडूचा हात धरून उभा होता. धोंडू म्हणतो, प्लेग अजून वर्षभर राहिला तर मी साळ्याचा सरदार होईन. मग त्याने तिन्ही देवांना हात लावला.

५ फेब्रुवारी

महादेव आला.

दारात गाठोडं घेऊन उभा. गावातली माणसं मुंबईहून आलेल्याला वेशीबाहेर ठेवतात, भावानेच दार लावलं, म्हणून तो परत आला. मावशीने पाय धुवायला पाणी दिलं आणि त्याला भिंतीकडे ढकललं. त्याने स्वतःला पाहिलं.

"हा कोण?"

"तू," धोंडू म्हणाला.

"माझं नाक असं आहे?"

"याहून वाईट आहे," कुशाबा म्हणाला. "जगनने दया केली."

मी त्याच्याकडे बघत होतो. नाक बटाट्याचंच आहे. पोपट कुठेच नाही. पण पुढे केलेला हात! जेवताना त्याने तिसऱ्या भाकरीला हात पुढे केला, मान वळवली, आणि समोर भिंतीवर तोच हात, तीच मान. सगळे हसायला लागले. तो चिडला आणि म्हणाला, यापुढे चौथी घेईन.

आपल्या चित्राकडे पाठ करून तो बसला. मावशीने त्याला उठवलं आणि भिंतीशी, चित्राला लागून बसवलं. "तुझी जागा ही."

आज मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. लाजलो नाही.

९ फेब्रुवारी

आज तात्या आला. स्वतः. चाळीच्या दाराशी गाडी, नाकाला तोच रुमाल. हुबळीत धर्मशाळेत पडदे गुंडाळून ठेवले होते, सरसाच्या वासाने उंदरांनी ते खाल्ले. आश्रम आणि रस्ता संपूर्ण गेले, अरण्यात भोकं पडली. राजवाडा तेवढा राहिला, पण त्याच्या पायऱ्या नाहीत.

"जगन, तुला बरं नव्हतं म्हणून नेलं नाही. तू मनावर घेतलं नसशील."

मी म्हटलं, नाही.

मग त्याने भिंत पाहिली. रुमाल खाली आला. "हे काय? माणसं? अरे, याच्या पुढे नट कुठे उभा राहणार?"

"पुढे आम्ही बसतो," कुशाबा म्हणाला.

तात्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. "उद्या सकाळी बोरीबंदरला ये. डॉक्टरला काख दाखवायची आणि गाडीत बसायचं. या वेळी जाहिरातीत तुझं नाव घालू. पडदे, जगन पेंटर."

मी हे ऐकण्यासाठीच बसलो होतो. गेले कित्येक दिवस. ताप उतरला तेव्हापासून. तो काय म्हणेल, मी काय म्हणेन, सगळं ठरवलं होतं. पण तोंडून निघालं, "रघू राहिलाय."

"रघू कोण?"

"माहीत नाही."

तात्याला वाटलं ताप माझ्या डोक्यात चढला आहे. त्याने रुमाल पुन्हा नाकाला लावला. गाडीत चढताना म्हणाला, "खानावळीत कोण बघणार आहे तुझं?" प्रश्न बरोबर होता. रघूच्या जागेवर चुना मारून ठेवला होता, तो पुरता वाळायच्या आत, उद्या सकाळीच, काढायला घ्यावं लागतं, न जायला एवढंच कारण होतं.

मावशी आतून ओरडली, "जायचं तर जा ना! कोणी धरून ठेवलंय?" मी म्हटलं, जात नाही. मग रात्री तिने मला दोन बांगडे वाढले. उद्या बाजारात बांगडे महाग असतील म्हणून आजच संपवले असावेत.

१० फेब्रुवारी

रघू.

त्याला शेवटी काढ, असं मावशी पहिल्यापासून सांगत होती. त्याची जागा दाराजवळ, पंगतीच्या टोकाला. तिथून चूल जवळ. तो बॉयलरच्या खात्यात कोळसा ओढायचा. मार्गशीर्ष महिन्यात एका सकाळी कामाला गेला आणि आला नाही. धोंडू म्हणतो गावी गेला. कुशाबा म्हणतो गेला असेल. मावशी काहीच म्हणत नाही.

मी हातापासून सुरुवात केली. ती म्हणाली, "डावा. तो डाव्या हाताने जेवतो." इतरांनी त्याची थट्टा केली असणार. म्हणून पंगतीच्या टोकाला बसत असेल.

मग ती सांगत गेली आणि मी काढत गेलो. कपाळावर एक आडवी आठी, डाव्या भुवईत खाच, वरचा ओठ पातळ, खालचा जाड. हसताना उजवा गाल आधी वर जातो. गळ्याखाली, हाडाच्या खोबणीत, तीळ. वाढणारीला चेहरा दिसत नाही म्हणणारी बाई!

"तीळ दिसायचा तुला?" मी विचारलं.

"दिसायचा."

उकाड्यात सदरा काढून जेवायला बसत असेल.

सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक असणार, असं मी धोंडूला म्हटलं. तो म्हणाला, छे, गेल्याच शिमग्यानंतर आला. "चमत्कारिक माणूस. मावशीला कधी मावशी म्हणाला नाही. काहीच म्हणायचा नाही. नुसतं ताट पुढे करायचा."

उद्धट लोक असतात.

१३ फेब्रुवारी

रघूची नजर जमत नाही. बाकीचे सगळे ताटात बघतात, म्हणून मी त्यालाही ताटात बघायला लावलं. मावशीने ओल्या फडक्याने स्वतः पुसलं.

"हा वर बघतो."

"वर कुठे?"

"वाढणाऱ्याकडे."

मी म्हटलं, वाढणाऱ्याकडे बघत जेवणारा माणूस हावरट असतो. ती हसली. मोठ्याने नाही. मी आल्यापासून तिला शिव्या देताना, ओरडताना, लोळण्याएवढं हसताना पाहिलं. असं नव्हतं पाहिलं. मी तिला म्हटलं, तशीच थांब, तिथे, कढईपाशी, म्हणजे नजर कुठे लावायची ते कळेल. ती थांबली. भात जास्त शिजला तरी थांबली.

डोळे दोन वेळा पुसले. तिसऱ्यांदा तो बघायला लागला. मी बाजूला झालो तरी तो तिच्याकडेच बघत होता.

हे मी केलं. लिहून ठेवतो, कारण उद्या मला पटणार नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी धोंडू धावत आला. चुनेवाले शेजारच्या चाळीपर्यंत आले होते.

मावशीने मला घोंगडीवर ढकललं, वरून गोधडी घातली, डोक्याला तिचं जुनं लुगडं गुंडाळलं. "पड. तू बाळंतीण आहेस."

"मी?"

"कण्हत राहा. ते आत येणार नाहीत."

बारा वर्षं नाटक कंपनीत काढली, नटांची टिंगल करण्यात. आज पहिल्यांदा मंचावर आलो. कुशाबाने पोराच्या रडण्याचा आवाज काढायला घेतला तो मांजरासारखा निघाला. मावशी दारात डाव घेऊन उभी. मुकादम तोच, मागच्या दोन्ही खेपांचा. नाव गुणाजी.

"आत बाळंतीण आहे. सगळ्या भिंती गेल्या वेळी झाल्यात."

"कोणाची?"

"माझी भाची."

मी कण्हलो. मला कण्हता येत नाही असं दिसतं. गुणाजी दारातून वाकून म्हणाला, "बाय, पोरगा झाला की पोरगी?"

मी काय सांगणार? आम्ही ठरवलं नव्हतं. गोधडीतून माझा पाय बाहेर होता. तात्याच्या कंपनीत हा पाय बघून कुणी नायिकेचं काम दिलं नसतं.

"हिला मिशी आहे की," गुणाजी म्हणाला आणि हसत आत आला. त्याच्या माणसांनी बादल्या खाली ठेवल्या. मावशी त्याला शिव्या द्यायला लागली, तो हसत होता, कुशाबा अजून मांजर काढत होता. मी लुगडं डोक्यावरून काढून उठून बसलो.

गुणाजीचं हसू मध्येच थांबलं.

तो भिंतीकडे बघत होता. पुढे गेला, दाराजवळच्या टोकाला वाकला. चुन्याने पांढरं झालेलं बोट त्याने चित्राला लावलं नाही, हवेतच धरलं.

"हा डावखुरा," तो म्हणाला. "भुवईत खाच. गिरणीच्या दारातून मीच उचलून नेला याला. तेव्हा मी रोगी नेणाऱ्या डोलीवर होतो." त्याने मागे वळून पाहिलं, कुणाला सांगावं ते त्याला कळत नव्हतं. "इस्पितळात पेज दिली तर डाव्या हाताने घेतली. शेजारचा म्हणाला, अरे, उजव्याने घे. हा म्हणाला, मला असंच वाढतात. म्हणून लक्षात राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. नाव विचारायला गेलो तर गेला होता. आम्ही नुसता आकडा लिहिला."

"रघू," मावशी म्हणाली.

"रघू," गुणाजी म्हणाला.

मग त्याने बाहेर जाऊन माणसांना सांगितलं की या खोलीच्या तीनच भिंतींना चुना मारा. चौथी झालेली आहे. त्यांनी तीनच भिंतींना मारला.

रात्री

खरं ते लिहितो, कारण हे कुणी वाचणार नाही. तो बोट हवेत धरून उभा राहिला तेव्हा मला आनंद झाला. मी कधी न पाहिलेला माणूस काढला आणि त्याला पाहिलेल्या माणसाने तो ओळखला. खाच बरोबर होती, हात बरोबर होता. गुणाजी 'गेला' म्हणाला तेव्हाही तो आनंद लगेच गेला नाही. थोडा वेळ राहिला. मला त्याची लाज वाटते, पण तो होता.

मावशीने संध्याकाळचा स्वयंपाक केला. सगळ्यांना वाढलं. मीठ बरोबर होतं. कुशाबाने एकाही देवाला शिवी दिली नाही, महादेवने दोनच भाकऱ्या घेतल्या. ती स्वतः जेवली नाही. नेहमी सगळ्यांच्या नंतर जेवते, म्हणून आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग पाहिलं तर तिने चूल विझवली होती.

एका गिऱ्हाइकासाठी एवढं? पण तिचा जीव सगळ्यांवरच आहे.

१८ फेब्रुवारी

सकाळी रंग कालवत होतो. मला वाटलं विचारलेलं बरं. भिंतीवर काढलेत ते परत येणारे. जो येणार नाही त्याचं काय? दाराजवळच आहे, ती येता जाता बघणार. मी म्हटलं, "मावशी, रघूला पुसू का? चुना आहे थोडा."

ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"जेवतोय तो," ती म्हणाली. "भरल्या ताटावरनं उठवतोस?"

ती उठून भिंतीपाशी आली, त्याच्यासमोर उभी राहिली, आणि त्याच्या ताटाकडे बघत राहिली. मी तिथे भाकरीचा अर्धा तुकडा आणि थोडं कालवण काढलं होतं. नजरेच्या नादात ताटाकडे माझं दुर्लक्ष झालं होतं.

"हे काय वाढलंस?" ती म्हणाली. "एवढ्याने त्याचं काय होतंय?"

मी नीळ आणि काजळ कालवून एक बांगडा काढला. पाठीवर रेघा घातल्या. तिने मान हलवली नाही. मी दुसरा काढला. भाकरी पुरी केली, तिच्यावर आणखी एक ठेवली. भात काढला. भातावर कढी. ताट भरलं तेव्हा शेजारी वाटी काढली.

"पुरे म्हण," मी म्हटलं.

तिने पुरे म्हटलं नाही. मी वाढत राहिलो.